महिन्यातले १५ दिवस डोकेदुखी! दीर्घकालीन मायग्रेनवर उपचार घेतल्यास नेमका किती फरक पडतो?

मायग्रेन मुळापासून बरा होतो का, या प्रश्नाचे सरळ ‘हो’ असे उत्तर डॉक्टर देत नाहीत. त्यामुळे अनेक रुग्ण निराश होऊन पुन्हा वेदनाशामक गोळ्यांकडे वळतात. पण ‘बरा’ आणि ‘न बरा’ यांच्या मधला टप्पा मोठा आहे आणि तो दिवसांत मोजता येतो. कोणत्या उपचाराने महिन्याचे किती दिवस परत मिळतात, उपचार अर्ध्यावर का सुटतात आणि निमगाव केतकीसारख्या गावातल्या रुग्णाने सुरुवात कुठून करायची, याचा हा आढावा.

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे निमगाव केतकी हे गाव डाळिंब, ऊस आणि पानमळ्यांचे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात वारंवार डोके दुखणाऱ्या माणसाला, त्यातही बाईला, तीन-चार ठरलेली उत्तरे ऐकायला मिळतात. ‘पित्त झालंय’, ‘उन्हातून आलीस म्हणून’, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’, ‘सायनस असेल’. मग मेडिकलमधून गोळी येते, डोक्याला फडके घट्ट बांधले जाते आणि अंधाऱ्या खोलीत दोन तास पडून पुन्हा कामाला लागायचे. महिन्यातून एकदा असे होत असेल तर ते निभावते. पण हेच महिन्यातून १५-२० दिवस होऊ लागले, की तो वेगळा आजार मानावा लागतो.

अर्धशिशी, पित्त आणि मायग्रेन : एकच की वेगळे?

मायग्रेनला मराठीत अर्धशिशी हा जुना शब्द आहे, कारण अनेकांचे डोके एका बाजूने दुखते. मात्र सगळ्यांचे तसेच दुखते असे नाही. काहींचे दोन्ही बाजूंनी, तर काहींचे मानेपासून वर दुखत येते. ठणका लागणे, जिना चढताना किंवा वाकताना दुखणे वाढणे, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज सहन न होणे, ही मायग्रेनची मुख्य लक्षणे. उपचार न घेतल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो.

उलटी झाल्यावर बरे वाटते, म्हणून हे दुखणे पित्ताचे ठरवले जाते. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. पोटातले आम्ल डोक्यात चढत नाही. मेंदूतून निघालेला झटका पोटाचे कामकाज मंदावतो, म्हणून मळमळते. यामुळेच झटका पूर्ण चढल्यावर घेतलेली गोळी अनेकदा लागू पडत नाही. ती पोटात नीट शोषली जात नाही.

काही रुग्णांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, नजरेचा काही भाग धूसर होतो किंवा हाताला मुंग्या येतात. याला ‘ऑरा’ म्हणतात. ऑरा साधारण ५ मिनिटे ते तासाभरात ओसरतो.

‘दीर्घकालीन’ कधी म्हणायचे?

इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या वर्गीकरणानुसार, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ दर महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यापैकी किमान ८ दिवस मायग्रेनची लक्षणे असतील, तर तो दीर्घकालीन मायग्रेन. त्यापेक्षा कमी दिवस दुखत असेल तर तो अधूनमधून येणारा म्हणजे एपिसोडिक मायग्रेन.

या व्याख्येत एक मेख आहे. रुग्ण डॉक्टरांना सहसा मोठे झटकेच सांगतो. ‘महिन्यातून चार-पाच वेळा होते’ असे तो म्हणतो. मधल्या दिवसांत डोके जड असणे, हलके दुखणे, गोळी घेऊन काम उरकणे हे हिशेबात धरलेच जात नाही. म्हणून डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारायला हवा : महिन्यात किती दिवस डोके अजिबात दुखत नाही? उत्तर ‘आठ-दहा’ असे आले, तर आजार दीर्घकालीन असण्याची शक्यता मोठी.

किती जणांना हा त्रास आहे?

जगात मायग्रेनचे रुग्ण १०० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. माणसाची कार्यक्षम वर्षे हिरावणाऱ्या आजारांच्या जागतिक यादीत मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर नोंदवला गेला आहे, तर तरुण स्त्रियांमध्ये तो पहिला आहे.

भारतातला सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास शेजारच्या कर्नाटकातला आहे. बंगळुरू आणि आसपासच्या ग्रामीण भागात १८ ते ६५ वयोगटातील लोकांच्या घरोघरी जाऊन ही पाहणी करण्यात आली. तिच्या निष्कर्षानुसार वर्षभरात २५.२ टक्के लोकांना मायग्रेनचा त्रास झाला होता. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट होते. शहरी लोकांपेक्षा ग्रामीण लोकांमध्ये ते जास्त आढळले. ‘हा शहरातल्या, संगणकावर बसणाऱ्यांचा आजार’ हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस कोणत्याही प्रकारे डोके दुखणाऱ्यांचे प्रमाण याच पाहणीत ३ टक्के आढळले. म्हणजे दर हजार प्रौढांमागे ३० जण. त्यातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते.

साधा मायग्रेन दीर्घकालीन कसा होतो?

अमेरिकेतील मोठ्या लोकसंख्येवरील पाहणीत एपिसोडिक मायग्रेनच्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारण २.५ टक्के रुग्णांचा आजार दीर्घकालीन झाल्याचे दिसले. झटक्यांची संख्या आधीच जास्त असणे, वेदनाशामकांचा अतिवापर, लठ्ठपणा, घोरणे व झोपेचे विकार, नैराश्य आणि चिंता, चहा-कॉफीचे जास्त प्रमाण हे त्यामागचे धोक्याचे घटक मानले जातात.

शरीरात नेमके काय घडते? चेहरा आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेची टोके मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांभोवती असतात. झटक्याच्या वेळी ती ‘सीजीआरपी’ नावाचे प्रथिन सोडतात. त्यातून वेदनेचे संदेश मेंदूकडे जातात. झटके वारंवार आले की मेंदूतली वेदनेची यंत्रणा जास्त संवेदनशील होते, गजराचे बटण सैल पडावे तशी. मग लहान कारणही पुरते. या टप्प्यावर अनेक स्त्रिया सांगतात की केसांत कंगवा फिरवला, वेणी घट्ट घातली किंवा त्या बाजूने उशीवर डोके टेकले तरी दुखते. याला ‘ॲलोडायनिया’ म्हणतात. आजार मुरत चालल्याची ती महत्त्वाची खूण आहे. डॉक्टर विचारोत वा न विचारोत, ती त्यांना सांगायला हवी.

सीजीआरपीचा मायग्रेनशी असलेला संबंध उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना, लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना, २०२१ मध्ये मेंदूविज्ञानातील प्रतिष्ठेचा ‘ब्रेन प्राइझ’ पुरस्कार मिळाला.

ग्रामीण दिनक्रमात झटक्याला आमंत्रण देणाऱ्या गोष्टी भरपूर असतात. शेतीपंपाची वीज रात्री असली की दारे धरायला जागावे लागते आणि झोपेचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते. उन्हात तास न् तास काम, पाणी कमी पिणे, सकाळी नुसत्या चहावर शेतात जाणे, एकादशी, चतुर्थी, सोमवार असे पाठोपाठ येणारे उपवास. यातली एकेक गोष्ट मायग्रेन निर्माण करत नाही. पण मुळात मायग्रेन असलेल्या व्यक्तीत ती झटक्याचे निमित्त होऊ शकते.

डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी वाढवते, ते कसे?

दीर्घकालीन मायग्रेनच्या उपचारात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा मुद्दा हाच. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके घेतली, तर औषधाच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी जडू शकते. ट्रिप्टान, एर्गोटामाइन, ओपिऑइड किंवा एकाच गोळीत दोन-तीन औषधे असलेली मिश्रणे यांची मर्यादा आणखी खाली, म्हणजे महिन्याला १० दिवस एवढीच आहे.

आपल्याकडे डोकेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या मिश्रण प्रकारच्या असतात. काहींत कॅफिन असते, काहींत एर्गोटामाइन. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली तर ते कळते. ‘मी तर साधीच गोळी घेते’ असे म्हणणारी व्यक्ती प्रत्यक्षात कमी मर्यादेच्या गटातले औषध घेत असू शकते. येथे गोळ्यांची संख्या नव्हे, तर गोळी घेतलेले दिवस मोजायचे असतात. सोप्या भाषेत नियम असा, की आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस गोळी लागत असेल तर डॉक्टरांना भेटावे.

मग गोळ्या एकदम बंद करायच्या का? यावर बरीच वर्षे मतभेद होते. अमेरिकेत ७२० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन पद्धतींची तुलना झाली. एका गटाने अतिवापराचे औषध थांबवून दुसरे औषध आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस घेतले. दुसऱ्या गटाने जुनेच औषध मर्यादेविना चालू ठेवले. दोन्ही गटांना मायग्रेन रोखणारे औषध मात्र सुरू करण्यात आले. तिसऱ्या महिन्यात मध्यम ते तीव्र डोकेदुखीचे दिवस पहिल्या गटात ९.३, तर दुसऱ्या गटात ९.१ होते. फरक जवळपास नाहीच.

याचा अर्थ गोळ्या कितीही घ्याव्यात असा नाही. जठर आणि मूत्रपिंडावर होणारे वेदनाशामकांचे दुष्परिणाम आहेतच. अर्थ इतकाच, की नुसते ‘गोळ्या बंद करा’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे हा उपचार नव्हे. रोखणारे औषध वेळेत सुरू होणे महत्त्वाचे. अतिवापराचे औषध थांबवल्यावर साधारण २ ते १० दिवस दुखणे आणखी वाढू शकते. हे आधी सांगितलेले नसेल, तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा मेडिकल गाठतो.

उपचार यशस्वी झाले, हे कसे ठरवतात?

मधुमेहात साखर मोजता येते, रक्तदाबात आकडा दिसतो. मायग्रेनचे निदान करणारी रक्तचाचणी नाही आणि एमआरआय बहुतेक वेळा सामान्य येतो. त्यामुळे यशाचे मुख्य माप एकच : महिन्यातले डोकेदुखीचे दिवस किती कमी झाले.

एपिसोडिक मायग्रेनमध्ये हे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडले असे मानतात. दीर्घकालीन मायग्रेनमध्ये ३० टक्के घटही अर्थपूर्ण मानली जाते. ब्रिटनमधील ‘नाइस’ ही सरकारी संस्था बोटॉक्स उपचार पुढे चालू ठेवायचे की नाही, हे याच ३० टक्क्यांच्या निकषावर ठरवते.

समजा एखाद्या शेतकरी महिलेचे डोके महिन्यातून २० दिवस दुखते. ३० टक्के घट म्हणजे २० चे १४ झाले. कागदावर तिला अजूनही मायग्रेन आहे, घरच्यांच्या मते ‘गुण आला नाही’. पण तिला महिन्याचे सहा दिवस परत मिळाले. वर्षाचे ७२. खुरपणीला जाता आलेले, मुलांवर न चिडता गेलेले, उजेडात बसता आलेले दिवस. हा हिशेब मांडला नाही तर चालू असलेला उपचार फसला असे वाटून तो बंद होतो.

अर्थात यावर समाधान मानावे का, याबाबत तज्ज्ञांची भूमिका बदलत आहे. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने २०२५ मध्ये मांडलेल्या भूमिकेनुसार आता लक्ष्य अधिक उंच असावे. महिन्यात चारपेक्षा कमी दिवस त्रास असेल तर ते उत्तम नियंत्रण. सहाहून अधिक दिवस उरत असतील तर नियंत्रण अपुरे मानून उपचारांचा पुन्हा विचार करावा.

कोणत्या उपचाराने किती दिवस कमी होतात?

दीर्घकालीन मायग्रेनवर झालेल्या प्रमुख चाचण्यांचे निकाल असे आहेत :

• टोपिरामेट (गोळी) : ३०६ रुग्णांवरील चाचणीत २८ दिवसांमागे मायग्रेनचे दिवस सरासरी ६.४ ने घटले. औषध नसलेली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांत घट ४.७ दिवसांची होती.

• बोटॉक्स (इंजेक्शन) : कपाळ, कानशील, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे अशा ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. दोन चाचण्यांतील मिळून १,३८४ रुग्णांमध्ये २४ आठवड्यांनंतर २८ दिवसांमागे डोकेदुखीचे ८.४ दिवस कमी झाले. प्लासिबो गटात ६.६. निम्म्याने घट झालेल्यांचे प्रमाण ४७ टक्के, प्लासिबो गटात ३५ टक्के. अमेरिकेत २०१० मध्ये याला मान्यता मिळाली.

• एरेनुमॅब (सीजीआरपीविरोधी इंजेक्शन, महिन्यातून एकदा) : ६६७ रुग्णांवरील चाचणीत मायग्रेनचे ६.६ दिवस कमी झाले, प्लासिबो गटात ४.२. निम्म्याने घट साधारण ४० टक्के रुग्णांत, प्लासिबो गटात २३ टक्के.

• फ्रेमानेझुमॅब (सीजीआरपीविरोधी इंजेक्शन) : १,१३० रुग्णांवरील चाचणीत दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांचे मध्यम ते तीव्र डोकेदुखीचे ४.६ दिवस कमी झाले, प्लासिबो गटात २.५.

या चाचण्यांतले रुग्ण, मोजमाप आणि कालावधी वेगवेगळे होते. त्यामुळे ८.४ हा आकडा ६.४ पेक्षा मोठा म्हणून बोटॉक्स टोपिरामेटपेक्षा सरस, असा थेट निष्कर्ष काढता येत नाही.

प्लासिबोनेही फरक पडतो, मग औषध कशाला?

वरचे आकडे पाहून हा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिले, चाचणीत सहभागी होताना रुग्णाचा त्रास बहुधा टोकाला गेलेला असतो. तो आपोआपही थोडा उतरतो. नियमित तपासणी, नोंदवही, कोणीतरी ऐकून घेणे याचाही परिणाम होतो. दुसरे, सरासरी आकडा व्यक्तीचा अनुभव लपवतो. सरासरी दोन दिवसांचा जादा फायदा म्हणजे प्रत्येकाला दोनच दिवसांचा फायदा नव्हे. काहींचे १२ दिवस कमी होतात, काहींना शून्य फरक पडतो. आपण कोणत्या गटात, हे औषध घेऊन पाहिल्याशिवाय आणि दिवस मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर हेच आकडे ‘शंभर टक्के मुळासकट इलाज’ अशा जाहिरातींची परीक्षाही घेतात. नाकात थेंब, अनोळखी पुड्या, गावोगावच्या शिबिरांतली औषधे यांनी सुरुवातीला बरे वाटले, तर तो प्लासिबोचा किंवा आजाराच्या चढ-उताराचा परिणाम असू शकतो. घटकांची नोंद नसलेली पुडी घेणे त्याहून धोक्याचे.

मग अनेकांचे उपचार फसतात का?

मायग्रेनचे औषध दोन प्रकारचे असते, हेच अनेकांना सांगितलेले नसते. एक झटका आल्यावर घ्यायचे, दुसरे झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायचे. दुसऱ्या प्रकारच्या औषधाने त्या दिवशीची डोकेदुखी थांबत नाही. योग्य मात्रेत ८ ते १२ आठवडे घेतल्यावर परिणाम दिसू लागतो. ‘आठवडाभर गोळ्या घेतल्या, काही उपयोग झाला नाही’ या तक्रारीचे मूळ येथे आहे.

अमेरिकेतील विमा नोंदींच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात रोजच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू केलेल्या दीर्घकालीन मायग्रेनच्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनंतर अवघे २५ टक्के आणि वर्षानंतर १४ टक्के रुग्ण त्या घेत होते. गोळ्या सुटण्यामागे दुष्परिणाम हे मोठे कारण असते.

अमिट्रिप्टिलिनने झोप येते, तोंड कोरडे पडते, वजन वाढू शकते. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना चालत नाही. फ्लुनारिझिनने वजन वाढते, काहींना उदासी येते, हातापायांत कंप किंवा मंदपणा येऊ शकतो. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, शब्द चटकन आठवत नाहीत, मुतखड्याचा धोका वाढतो. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला घातक ठरू शकतात. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीने ‘मला दिवस राहण्याची शक्यता आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

एक औषध सोसले नाही म्हणजे सगळे उपचार संपले असे नाही. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवणे हीच पद्धत आहे. मात्र त्यासाठी पुन्हा तपासणीला जावे लागते. निमगाव केतकीहून पुण्याला जायचे म्हणजे अख्खा दिवस, मजुरी आणि गाडीभाडे. एखाद्या फेरीनंतर दुसरी फेरी होत नाही आणि उपचार तेथेच थांबतो.

दीर्घकालीन मायग्रेन पुन्हा साधा होऊ शकतो का?

होऊ शकतो. अमेरिकेतील ३८३ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यातील सुमारे २६ टक्के रुग्णांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला १० पेक्षा कमी झाले. सुमारे ३४ टक्के रुग्णांचा आजार दीर्घकालीनच राहिला. उरलेले मध्ये कुठेतरी हेलकावत होते.

सुरुवातीला महिन्याचे १५ ते १९ दिवस त्रास असणाऱ्यांचा आजार ओसरण्याची शक्यता २५ हून अधिक दिवस त्रास असणाऱ्यांपेक्षा जास्त होती. कंगवा फिरवतानाही दुखण्याची म्हणजे ॲलोडायनियाची तक्रार नसणाऱ्यांचेही तसेच. ‘आणखी थोडे दिवस बघू’ असे म्हणत वाट पाहण्याची किंमत या दोन निष्कर्षांतून दिसते. आजार जितका मुरेल, तितके मागे फिरणे अवघड.

योग, झोप आणि जेवणाच्या वेळा यांनी फरक पडतो?

दिल्लीतील एम्समध्ये योगाची चाचणी झाली, तिचे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ११४ रुग्णांनी ती तीन महिने पूर्ण केली. औषधांसोबत योग करणाऱ्यांचे महिन्यातील झटके ९.१ वरून ४.७ वर आले. केवळ औषधे घेणाऱ्यांचे ७.७ वरून ६.८ वर. योग करणाऱ्यांच्या गोळ्याही जवळपास निम्म्या झाल्या. मात्र ही चाचणी एपिसोडिक मायग्रेनच्या रुग्णांवर झाली आणि योग औषधांच्या जोडीला होता, औषधांऐवजी नव्हे.

झोपेची आणि जेवणाची वेळ सांभाळणे, पाणी पिणे, आठवड्यातले बहुतेक दिवस चालणे, चहा मोजून घेणे हे सल्ले सगळेच देतात. पण रात्री दारे धरणाऱ्याला ‘दहाला झोपा’ सांगून उपयोग नाही. पाळी बदलली तरी जागरणानंतर सलग झोप मिळेल अशी व्यवस्था करणे, उपवासाच्या दिवशी पूर्ण उपाशी न राहता ठरावीक वेळी फराळ करणे, शेतात जाण्यापूर्वी चहासोबत भाकरी खाणे, उन्हात डोके झाकणे हे जमण्यासारखे आहे.

निमगाव केतकीतील रुग्णाने कुठे जायचे?

सुरुवातीला मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञाचीच गरज असते असे नाही. मायग्रेनचे निदान लक्षणे विचारून होते. प्रोप्रॅनोलॉल आणि फ्लुनारिझिन ही मायग्रेन रोखणारी औषधे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत आणि ती तुलनेने स्वस्त आहेत. एमबीबीएस डॉक्टर ती सुरू करू शकतात.

आरोग्य केंद्रातून ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरसल्ला सेवेद्वारे तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलता येते. पुढची पायरी इंदापूरचे सरकारी रुग्णालय आणि बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन-तीन प्रतिबंधक औषधे योग्य मात्रेत, पुरेसे दिवस घेऊनही फरक पडला नाही, तर पुण्यातील ससून किंवा अन्य रुग्णालयातील मेंदूविकार विभागाकडे जाण्याची वेळ येते.

सीजीआरपीविरोधी औषधे पहिल्या फळीतील पर्याय म्हणून वापरता येतील, अशी भूमिका अमेरिकन हेडेक सोसायटीने २०२४ मध्ये घेतली. मात्र ही औषधे आणि बोटॉक्स खिशाला जड असल्याने आपल्याकडे बहुतेक रुग्णांची सुरुवात जुन्या गोळ्यांनीच होते. मायग्रेनसाठी वारंवार सलाईन लावून घेणे हा प्रतिबंधक उपचार नाही. उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तर त्याचा तात्पुरता उपयोग होतो, पुढचा झटका त्याने टळत नाही.

कोणती डोकेदुखी थेट रुग्णालयात नेण्याची?

पुढीलपैकी काही असेल तर मायग्रेन समजून घरी थांबू नये :

• आयुष्यात कधीच न झालेली, काही सेकंदांत टोकाला पोहोचणारी डोकेदुखी
• ताप, मान आखडणे, शुद्ध हरपणे किंवा फिट येणे
• हातापायातील ताकद जाणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे
• पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी
• गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी
• डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे

ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी काय करावे?

त्यासाठी ॲपची गरज नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे. ज्या दिवशी डोके दुखले त्या तारखेवर एक फुली. काम सोडून पडून राहावे लागले तर दोन फुल्या. गोळी घेतली तर फुलीभोवती गोल, बाजूला गोळीचे नाव. पाळीच्या तारखाही लिहाव्यात, कारण अनेक स्त्रियांचे झटके त्या दिवसांशी जोडलेले असतात. दुधाचा हिशेब लिहायची सवय असलेल्या घराला हे अवघड नाही.

महिना संपला की तीन आकडे काढावेत : डोके दुखलेले दिवस, काम बुडालेले दिवस आणि गोळी घेतलेले दिवस. कॅलेंडरच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्याचे पान पहिल्या महिन्याच्या पानाशेजारी ठेवावे. फुल्या एक तृतीयांशाने कमी झाल्या असतील तर औषध काम करत आहे, ते सोडू नये. फुल्या तेवढ्याच असतील, तर औषध किंवा मात्रा बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.